रेडिमेड संगणक अपग्रेड करावा की सुटे भाग घेऊन नवा जोडावा?

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानांत संगणक आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापडवाल्याचे जीएसटीचे बिल, लग्नपत्रिका छापणाऱ्याचे डिझाईन, मशीनवर भरतकाम करणाऱ्याचे नमुने, सगळे त्यावरच चालते. परंतु यांपैकी बरीच यंत्रे जुनी झाली आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. म्हणजे व्हायरसपासून बचाव करणाऱ्या दुरुस्त्या त्या दिवसापासून नेहमीप्रमाणे मिळेनाशा झाल्या. अशा वेळी दुकानदार दोन सल्ले ऐकतो. एक म्हणतो, आहे त्यातच रॅम वाढवा. दुसरा म्हणतो, हे भंगारात द्या, पुण्याहून भाग आणून नवा जोडून देतो. यांतला कोणता सल्ला कोणासाठी योग्य, हे समजून घेण्यासाठी हा पाठ आहे.

शिवणीतील माया

आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्याने कापडाचेच उदाहरण देतो. रेडिमेड कुर्ता तंग झाला तर दर्जी आधी शिवण उलटून पाहतो. आत माया सोडलेली असेल तर उसवून सैल करता येतो. नसेल तर कितीही चांगला कारागीर असो, त्याचा इलाज चालत नाही. संगणकाचेही असेच आहे. अपग्रेड करावे की नाही हे यंत्राच्या वयावरून किंवा रंगरूपावरून ठरत नाही, आत माया किती ठेवली आहे यावरून ठरते.

सुटे भाग एकमेकांना बसतात यामागे इतिहास आहे. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तो बाजारात मिळणाऱ्या भागांचा आणि त्याची रचना उघड ठेवलेला. त्यामुळे इतर कंपन्यांना त्याला जुळणारे भाग व यंत्रे बनवता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले. मदरबोर्डची भोके, पेटीचा आकार, वीजपुरवठ्याची जोडणी यांना एक नियम मिळाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा बाजार भरभराटीला आला, तो याच पायावर. परंतु मोठ्या कंपन्यांच्या अनेक रेडिमेड यंत्रांत, विशेषतः लहान आकाराच्या पेट्यांत, हा नियम पाळलेला नसतो. वीजपुरवठ्याचा डबा वेगळ्या मापाचा, जोडणी वेगळी, कार्डाची जागा अर्ध्या उंचीची. तिथे माया कमी.

पेटी उघडण्यापूर्वी तपासण्याच्या चार गोष्टी

१) प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे? विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझनची २००० मालिका, अथवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती अनेक यंत्रांत असूनही बंद ठेवलेली असते व सेटिंगमधून चालू करता येते. यंत्र पात्र असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाण्यास मायक्रोसॉफ्ट पैसे घेत नाही.

२) हार्डडिस्क फिरत्या तबकडीची आहे की एसएसडी? जुनी हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी सुमारे ५०० एमबी. शेकडो लहान फायली उघडताना तर हा फरक कितीतरी पटीने वाढतो. ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

३) रॅम किती व तिची जागा रिकामी आहे का? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत ते दिसते. बिले व टॅलीसाठी ८ जीबी पुरते. कोरलड्रॉ, फोटोशॉप यांवर मोठे फ्लेक्स करणाऱ्याने १६ जीबी धरावी.

४) आत धूळ किती? कापडाच्या दुकानात बारीक तंतू उडून पंख्यात अडकतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सफाईने जे काम होईल त्यासाठी नवा भाग घेणे ही फजूलखर्ची आहे.

अपग्रेड कोणी करावे?

ज्याचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे आणि काम हिशोबाचे आहे, त्याने डोळे मिटून अपग्रेडच करावे. क्रम असा: आधी सफाई, मग एसएसडी, मग गरज असेल तरच रॅम. डीडीआर ३, ४ व ५ या रॅम एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी चिप बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला. म्हणून मागच्या वर्षीच्या भावावर अंदाज बांधू नये; त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारावा.

याचा आणखी एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. रेडिमेड संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. एसएसडी, रॅम बदलली तरी तो टिकतो. मदरबोर्ड बदलला की तो सामान्यतः जातो.

प्रोसेसर त्याहून जुना असेल तर मात्र त्यात पैसे ओतू नयेत. आमचा ठोकताळा असा: अपग्रेडचा खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला की थांबावे. बाजारात कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेली वापरलेली यंत्रे स्वस्त मिळतात. ती वाईट नसतात, पण चौथ्या व सहाव्या पिढीचा माल त्यात पुष्कळ असतो. पिढी विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नवा कोणी जोडावा?

ज्याच्या कामाला रेडिमेडमध्ये माप मिळत नाही त्याने. फ्लेक्स, भरतकामाचे डिझाईन, लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्या कारागिराला रॅम जास्त, ग्राफिक कार्ड चांगले, पण दिखाऊ पेटी नको असते. जोडलेल्या यंत्रात पैसा हवा तिथे लावता येतो आणि पाच वर्षांनी एकेक भाग बदलता येतो. मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

प्रोसेसर व मदरबोर्ड यांचे सॉकेट जुळले पाहिजे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यात ग्राफिक नसते. वेगळे कार्ड घेतले नाही तर पडद्यावर काहीच दिसत नाही. वीजपुरवठ्याचा डबा नामांकित घ्यावा, कारण आपल्याकडे वीज वरखाली होते व हलका डबा जळताना बाकीचे भागही सोबत नेतो. यूपीएस ही चैन नसून गरज आहे.

बिल प्रत्येक भागाच्या सिरियल क्रमांकासह घ्यावे. जोडलेल्या यंत्राची एकच वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची आपापल्या कंपनीकडे वेगळी असते. रेडिमेड घेताना ‘घरपोच सेवा’ लिहिलेली असली तरी आपल्या पिनकोडला इंजिनिअर येतो का, हे आधी विचारावे. यंत्र बंद पडले आणि पुण्याला न्यावे लागले तर दिवस मोडतो, बिले थांबतात. तालुक्यात जाणकार व ईमानदार दुरुस्तीवाला असेल तरच जोडलेले यंत्र फायद्याचे, नाही तर वॉरंटीचे रेडिमेड बरे.

जीएसटी १८ टक्के लागतो. नियमित नोंदणी असलेल्याने दुकानाच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह बिल घेतले तर तो इनपुट क्रेडिट म्हणून वजा होतो. कंपोझिशनवाल्यास तो मिळत नाही. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो, पण वॉरंटी आणि क्रेडिट दोन्ही जातात.

हलाल कमाईचा हिशोब

इथे तीन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली: ‘विंडोज आणि टॅली फुकट टाकून देतो’ असे म्हणणारा चोरीचा माल देत असतो. ज्या हिशोबात आपण जकात काढतो तो हिशोब चोरीच्या सॉफ्टवेअरवर लिहिणे शोभत नाही. शिवाय अशा सॉफ्टवेअरबरोबर व्हायरसही येतात. परवान्याची किंमत धरूनच दोन्ही मार्गांची तुलना करावी.

दुसरी: हप्त्यांवर घेताना ‘बिनव्याजी’ या शब्दावर भुलू नये. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत बहुधा बँक व्याज लावते व दुकान तेवढी सूट देते. व्याजावर जीएसटीही पडतो. रोखीने टप्प्याटप्प्याने अपग्रेड करणे हा सुटकेचा मार्ग आहे. परंतु नव्या यंत्राचे भाग महिन्यामहिन्याने घेऊन ठेवू नयेत. जोडायला घेतल्यावर भाग सदोष निघाला तर बदलून घेण्याची मुदत टळलेली असते.

तिसरी, सर्वांत महत्त्वाची: पेटीपेक्षा आतला हिसाब मोठा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. जुन्नरचे कागदी कारागीर एके काळी हाताने कागद बनवीत, तेव्हा हिशोब वहीत राहत असे आणि वही पेटीत जपली जाई. आज ती वही हार्डडिस्कमध्ये आहे. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, ही लोकांची अमानत आहे. म्हणून पेटीचा स्क्रू काढण्याआधी सर्व हिशोबाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी करून, त्या उघडतात का हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. जुनी हार्डडिस्क पुसल्याशिवाय भंगारात देऊ नये. तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, नंबर आणि उधारी असते.

सारांश असा. आठवी पिढी किंवा पुढे आणि काम हिशोबाचे, तर एसएसडी टाकून तेच यंत्र चालवा. त्याहून जुने असेल तर खर्च थांबवून नव्यासाठी रक्कम जमवा. काम डिझाईनचे आणि जवळ भरवशाचा जाणकार, तर जोडून घ्या. जाणकार नसेल तर सेवा मिळणारे रेडिमेड घ्या. चारचौघांशी मशवरा करूनच पैसे काढा.

अल्लाह सर्व बांधवांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.