मेलेलं झाड दीड महिना हिरवं होतं

वर्ध्याजवळच्या पवनारपाशी, धाम नदीपासून थोड्याच अंतरावर आमचं वावर आहे. काळी, खोल, कपाशी-तुरीची जमीन. तिच्या भरवशावर 2017 च्या जूनमध्ये मी धुऱ्यालगत बोन्सायसाठी ज्युनिपरची बावीस रोपं लावली. ऑक्टोबर संपेपर्यंत त्यांतली तेरा गेली. ही माझी चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून सगळं सांगतो.

जमिनीत लावायचा विचार मुळात चुकीचा नव्हता. कुंडीत ज्युनिपरचं खोड फार सावकाश जाड होतं. मुळांना मोकळी माती मिळाली आणि फांद्या काही वर्षं न छाटता वाढू दिल्या, की खोड भराभर भरतं. मग झाड उचलून कुंडीत आणायचं आणि आकार द्यायचा. जपानमध्ये ताकामात्सु शहराच्या किनाशी भागात बोन्सायसाठी पाइनची अशीच शेती होते. पण ती त्यांच्या मातीत. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. ज्युनिपरच्या मुळांना ओलीइतकीच हवा लागते. लावताना शेजारच्या वावरातले काका म्हणाले होते, "बाबू, इथं आषाढात माणसाचा पाय निघत नाही, या रोपट्यानं काय करावं?" मी ऐकलं नाही. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, कुठंही येतं.

सप्टेंबरपर्यंत सगळी रोपं हिरवीगार. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होतो. ऑक्टोबरच्या उन्हात रंग मळकट व्हायला लागला, तेव्हा मला वाटलं तहान लागली, आणि मी आणखी पाणी घातलं. मग एकेक तपकिरी पडलं. उपटून पाहिलं, तर मुळं काळी, साल बोटानं ओढली की मोज्यासारखी सुटून येत होती. ती झाडं भर पावसाळ्यातच, ऑगस्टच्या शेवटी मेली असणार. गुच्छातली मोरपंखीची फांदी तोडल्यावर कितीतरी दिवस हिरवी राहते, तसंच हे. ज्युनिपरची खवल्यांसारखी पानं इतकी हळू वाळतात, की मुळं गेल्याची बातमी वर पोचायला आठवडे लागतात.

म्हणून ज्युनिपरच्या हिरवेपणावर विश्वास ठेवू नका. टोकं पाहा. वाढीच्या दिवसांत जिवंत झाडाच्या टोकाशी पोपटी कोवळा भाग दिसतो. तो थांबला आणि रंग राखाडीकडे झुकला, की खोडाची साल नखानं जराशी खरवडा. आत ओलं हिरवं दिसलं तर वेळ आहे. त्या क्षणी पाणी वाढवू नका. आधी बोटभर माती उकरून ओल तपासा.

उरलेल्या नऊंपैकी सात उन्हाळ्यानं नेली. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर जातो, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. नवतपा सुरू होण्याआधीच पानं निस्तेज झाली होती. फांदीखाली पांढरा कागद धरून झटकलं, तर ठिपके चालू लागले: लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो ज्युनिपरला हमखास गाठतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारत राहिलं, तर तो आटोक्यात राहतो.

दुसऱ्यांदा मी जमीनच बदलली. उताराच्या टोकाला दीड फूट उंच गादीवाफा केला: मुरूम, जाड रेती, विटांचे तुकडे, थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत. काळी माती अजिबात नाही. प्रत्येक रोपाखाली वीतभर फरशीचा तुकडा ठेवला. त्यानं मुळं खाली न धावता आडवी पसरतात, आणि बोन्सायला तीच हवी असतात. पेन्सिलीएवढ्या खोडाला लावण्याआधीच तारेनं वळण दिलं, कारण एकदा जाड झालं की ते वाकत नाही. सकाळचं ऊन मोकळं ठेवलं, पश्चिमेला मार्चपासून पाऊस येईपर्यंत हिरवी जाळी. लागवड जूनमध्ये नाही, दिवाळीनंतर केली, म्हणजे थंडीत मुळं धरायला चार महिने मिळतात.

खालची एक फांदी खोड जाड करण्यासाठी अजिबात न छाटता सोडा. काम झालं की कापायची. दर दोन वर्षांनी फावडं खोडापासून वीतभर अंतरावर उभं मारून मुळं तोडा, पण एका वेळी अर्धाच घेर. आणि फांदीवरची सगळी पानं कधी काढू नका. वडाची फांदी बोडकी केली तरी फुटते, ज्युनिपरची तिथंच मरते.

माझं प्रामाणिक मत विचाराल, तर वर्ध्यात पहिल्यांदा जमिनीत लावणाऱ्यानं पायर, उंबर किंवा नांद्रुक घ्यावं. ही झाडं इथल्या उन्हाची आहेत. त्यांच्यावर मुळं तोडणं, उचलणं, कापणं शिकावं, आणि मग ज्युनिपरकडे वळावं. तरीही हवंच असेल, तर पावसाळ्यात वाफ्याच्या जागी फूटभर खड्डा करून पाण्यानं भरा आणि ते किती वेळात जिरतं ते आधी पाहा. माझ्या धुऱ्यावर ते पाणी तिसऱ्या दिवशीही होतं.

यंदा जूनमध्ये गावातला एक मुलगा सहा रोपं घेऊन आला. "काका, पाऊस लागलाय, लावून टाकू?" मी ती त्याच्याकडून ठेवून घेतली. सध्या आमच्या अंगणात, कडुनिंबाच्या विरळ सावलीत कुंड्यांमध्ये आहेत, आणि तो रविवारी सायकलवर घमेलं बांधून मुरूम आणतो आहे.