वाट कोठे अडली?

(घरातील एका संगणकातील फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडला नाही, तर कारण कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला तुम्हांला माहीत आहे. १९४२ साली इंग्रज सरकारने मौलाना अबुल कलाम आझाद यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथे त्यांनी आपल्या मित्राला पत्रे लिहिली. पण ती बाहेर पाठवता येत नव्हती. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पत्रे होती, वाचणारा होता. मधली वाट मात्र बंद होती.

घरातील संगणकांचेही कधी कधी असेच होते. समजा, थोरल्या बहिणीच्या संगणकातील सामायिक फोल्डरमध्ये गुणपत्रिका आणि दाखले आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची आज शेवटची तारीख आहे. भाऊ आपल्या संगणकावरून फोल्डर उघडू पाहतो. पण 'संगणक सापडत नाही' अशी सूचना येते.

"आपा, कागद हरवले की काय?" तो घाबरून विचारतो.

"कागद जागेवरच आहेत. आधी सूचना नीट वाच. सापडत नाही, म्हणजे वाट अडली आहे," आपा म्हणते.

आपा क्रमाने पाहू लागते. तिचा संगणक चालू आहे; तो झोपेच्या अवस्थेत गेलेला नाही. भावाचा संगणक मात्र अब्बांच्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडलेला असतो. तो घरच्या राउटरला जोडताच दोन्ही पत्ते १९२.१६८.१ असे सुरू होतात. फक्त शेवटचा आकडा वेगळा राहतो. मग ती आपल्या संगणकावर घरचे नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' करते आणि फाइल शेअरिंग चालू करते. 'पब्लिक' असताना संगणक इतरांपासून लपून राहतो.

आता नाव आणि पासवर्ड विचारला जातो. भाऊ आपाचा चार अंकी पिन टाकतो. तो चालत नाही. पिन त्याच संगणकापुढे बसून वापरायचा असतो. म्हणून आपा आपल्या संगणकावर भावासाठी वेगळे खाते उघडून पासवर्ड देते.

तरीही 'परवानगी नाही' अशी सूचना येते. आपा सांगते, "दाराला दोन कुलुपे आहेत. एक शेअरिंगची परवानगी, दुसरी फोल्डरची. दोन्हींत जी कडक, तीच चालते." ती दोन्हीकडे भावाला फक्त वाचण्याची परवानगी देते. फोल्डर उघडतो आणि अर्ज वेळेत जातो.

"फायरवॉल बंद करून सगळ्यांनाच परवानगी दिली असती, तर?" भाऊ विचारतो.

"घाईत बरेच जण तसेच करतात, पण उघड्या दारातून चोरही येतो," आपा म्हणते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील दोषातून सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम अडले. दोष दुरुस्त करणारा अपडेट मार्चमध्येच निघाला होता. अनेकांनी तो बसवला नव्हता.

म्हणून मुलांनो, दार उघडावे, पण ओळखीच्या माणसापुरतेच.

शब्दार्थ
सामायिक – मुश्तरका. परवानगी – इजाजत. थोरली – मोठी. घातक – नुकसान करणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भावाचा संगणक कशाला जोडलेला होता?
(आ) पिन का चालला नाही?
२. 'सापडत नाही' आणि 'परवानगी नाही' या सूचनांतील फरक सांगा.
३. फायरवॉल बंद करणे योग्य का नाही? तीन-चार वाक्ये लिहा.