व्हायोलिन विकण्याआधी

चि. अनिकेत यास, तेल्हारा


प्रभाकर जोग यांचा जन्म १९३२ साली अहमदनगर जिल्ह्यात झाला. बाराव्या वर्षापासून ते पुण्यातल्या वाड्यांमधून व्हायोलिन वाजवू लागले. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. तेल्हाऱ्याहून कानावर आलेली बातमी खरी असेल, तर घरच्या मुलाने ‘साथीदाराला कोण ओळखतं?’ म्हणून व्हायोलिन विकायला काढले आहे. म्हणून हे चरित्र.

गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर हे जोगांचे गुरू. गजाननबुवा गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. पुढे १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाची ५६ गीते झाली, तेव्हा सुधीर फडके यांच्या साथीला जोगांचे व्हायोलिन होते. नंतरच्या शेकडो प्रयोगांतही होते.

साथ म्हणजे दुय्यम काम, हा समज चुकीचा. शब्द चालू असताना किती मागे राहायचे आणि गायकाने श्वास घेताच किती पुढे यायचे, हे साथीदाराला क्षणात ठरवावे लागते. चाल कशी उभी राहते, हे तो आतून पाहतो. जोग त्यातूनच संगीतकार झाले. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ ही त्यांची चाल मालती पांडे यांनी गायली. ‘स्वर आले दुरुनी’ तर खुद्द फडक्यांनी गायले. ज्यांच्या मागे बसून वाजवले, त्यांच्याच गळ्यात आपली चाल गेली. साथीदाराला ओळखणारे असे भेटतात.

भावगीतातले अक्षर न् अक्षर ते गजाने असे काढत, की ऐकणाऱ्याला शब्द कळावेत. ‘गाणारे व्हायोलिन’ हे नाव त्यामुळे पडले. शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार उतारवयात मिळाला. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्याच घराण्यातल्या एका तरुणाने नोकरी लागताच पेटी बंद केली. ‘पेटीवाल्याला कोण विचारतं’ हेच त्याचेही म्हणणे होते. बोटे पुन्हा तशी वळली नाहीत. आज हे पत्र तोच लिहितो आहे. बातमी ऐकून आलेल्या रागाचे कारण एवढेच.

पण नाव होणे न होणे कुणाच्या हाती नसते, आणि विशीतल्या मुलाला त्याची धास्ती वाटली तर त्यात गुन्हा नाही. पैशाची ओढ असेल तर वाद्य विकू नये, कळवावे. तारांचे आणि गजाचे पैसे इथून येतील. मन उडालेच असेल, तर व्हायोलिन घरी राहू द्यावे आणि दिवाळीला मुलाने यावे. वाजवले तरी, न वाजवले तरी, मुलगा आपलाच आहे.

काकांचे आशीर्वाद