तीरकमठा घ्यायचाय? कारागिराचा की कारखान्याचा

शिकारीसाठी धनुष्य हवं असेल, तर पैशांचा हिशेब मांडायचं कारणच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख नावानिशी आहे. वाघ-बिबट्यासारख्या प्राण्याची शिकार केली तर किमान 3 वर्षांची कैद होते, ती 7 वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि दंड वेगळा. 2006 च्या वनहक्क कायद्याने पुष्कळ हक्क दिले, शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात, चपराळा किंवा भामरागडच्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय धनुष्य घेऊन शिरणंही गुन्हाच. बाहेरगावच्या हौशी मंडळींना हे सांगावं लागतं. इथल्या, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माडिया-गोंड माणसाला ते चांगलंच ठाऊक आहे. म्हणून पुढचं सगळं लक्ष्यावर बाण मारणाऱ्यांसाठी.

2023 मध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेते झाले, तेव्हापासून पालकांचे डोळे थेट महागड्या धनुष्यावर जातात. त्या दोघांचं कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकांवर चालणारं यंत्रच. स्पर्धेच्या दर्जाचा तसा पूर्ण संच ढोबळमानाने दोन-तीन लाखांत जातो. नवशिक्याचं सुटं होणारं रिकर्व्ह दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतं, तर ‘इंडियन राउंड’ या प्रकारासाठी तयार मिळणारं बांबूचं धनुष्य साधारण तीन ते सहा हजारांत. दुकानागणिक आकडे हलतात. बाण त्यात धरलेत का, हे आधी विचारा.

गावच्या कमठ्याला छापील किंमत नसते. ती मजुरीवरून काढावी. 2025-26 साठी रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. तासणं, शेकणं, तोलणं यात दोन दिवस गेले असं धरलं, तर नुसती मजुरीच 624 होते आणि त्यात कसबाचं मोल आलेलं नाही. तेव्हा कोणी हजार-बाराशे मागितले तर घासाघीस करू नका. तीनशेत मिळणारा रंगीत, गोंडे लावलेला कमठा बहुधा भिंतीवर टांगायचा असतो. त्याची दोरी पूर्ण ओढू नका, मोडेल.

कारागिराकडून घेण्याचा खरा फायदा मापात आहे. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. 165 सेंटिमीटर असेल तर दोरीची ओढ 66 सेंटिमीटर. हा आकडा कारागिराला सांगा. पेरं फार जवळ नकोत, बांबू किमान तीन वर्षांचा आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा. कोवळ्या किंवा अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त, म्हणून भुंगा लवकर लागतो. कमठ्याखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली की तो घेऊ नका. दोरी चढवून लांबून बघा: दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, दोरी बरोबर मधून जाते का. मग सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने तुमच्या मापापर्यंत ओढा. दहा किलो म्हणजे साधारण 22 पौंड, नवशिक्या मोठ्या माणसाला तेवढं पुरे. मुलांना सात-आठ किलो. ‘जितका कडक तितका चांगला’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर खांदा दुखावेल.

बांबू स्वतः जंगलातून तोडून आणू नका. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तो रीतसर विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. भुंग्यावरच्या प्रक्रियेसाठी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी.

हाताच्या कामाची कमजोरी कमठ्यात नाही, बाणांत आहे. सहा बाण सहा वजनांचे निघाले, तर नेम कितीही धरा, बाण विखुरणारच. बाण सपाट फरशीवर लोळवून वाक बघा, सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि जुळणारेच घ्या. इथे कारखान्याचा माल सरस ठरतो. शिवाय बाण हरवतात, मोडतात. वर्षभरात त्यांच्यावर बराच खर्च होतो, आणि तो कोणी आधी धरत नाही.

जपणूक सोपी आहे. वापर झाला की दोरी उतरवा, अधूनमधून जवसाचं तेल चोळा आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. चंद्रपूरचा उन्हाळा 47 अंशांवर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या फायबरग्लासच्या धनुष्याचे थर सुटू शकतात. बांबूलाही त्या उन्हात तडा जातो, पण नवा कमठा परवडतो.

वाढत्या वयाच्या मुलाला गावचाच कमठा द्या, कारण उंचीबरोबर माप बदलतं. शालेय स्पर्धेत उतरायचं ठरलं की इंडियन राउंडचं धनुष्य घ्या, पण आधी प्रशिक्षकाकडून त्या वर्षीचे नियम विचारून. रिकर्व्ह किंवा कंपाउंडसाठी कर्ज काढायची घाई तर मुळीच नको. मूल दोन वर्षं टिकून सराव करतंय हे दिसल्यावरच त्याचा विचार करावा.