काटा फाटकावर, संगणक कचेरीत : आभासी सिरियल पोर्ट कसा निवडावा?

भंगार, लोखंड, धान्य यांच्या व्यापारात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या भुईकाट्याच्या इंडिकेटरमागे आजही बहुधा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो. त्याचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. नव्या संगणकांना हा पोर्ट क्वचितच असतो, आणि पावतीचे जुने प्रोग्रॅम तर 'कॉम-१', 'कॉम-२' याखेरीज दुसरी भाषा जाणत नाहीत. प्रत्यक्षात नसलेला पोर्ट आहे असे प्रोग्रॅमला भासविणारी सॉफ्टवेअर त्यासाठीच निघाली आहेत. परंतु विक्रेता सांगेल ते घेण्यापूर्वी आपली गरज कोणती, हे ठरविले पाहिजे.

काटा संगणकाच्या शेजारीच असेल तर यूएसबी कन्व्हर्टर पुरतो. त्याचा ड्रायव्हरच कॉम पोर्ट तयार करतो. वेगळ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत.

दुसरी गरज एकाच संगणकावरची. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. पावतीचा प्रोग्रॅम आणि साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, दोघांनाही वजन हवे असेल तर एकाला नकार मिळतो. येथे 'कॉम-झिरो-कॉम' हे मोफत सॉफ्टवेअर कामी येते. ते आभासी पोर्टांच्या जोड्या बनविते, आणि 'हब-फोर-कॉम' हा त्याचा जोडीदार एका काट्याची माहिती अनेक पोर्टांना वाटून देतो. मात्र ड्रायव्हरवर मान्य डिजिटल सही असलेलीच आवृत्ती घ्यावी. नाही तर ६४-बिट विंडोज ती स्वीकारत नाही. हे सारे जुळविणे थोडे किचकट आहे. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच काम सोपे होते, पण परवाना दर संगणकामागे घ्यावा लागतो की कसे, हे आधी विचारावे.

तिसरी गरज खऱ्या अर्थाने मोठ्या वखारीची. काटा फाटकावर, कचेरी दोनशे फुटांवर. आरएस-२३२ ची तार साधारण ५० फुटांपर्यंतच भरवशाची. म्हणून काट्याजवळ 'सिरियल डिव्हाइस सर्व्हर' नावाची छोटी पेटी बसवून माहिती नेटवर्कवरून आणतात. मोक्सासारख्या कंपन्या पेटीसोबत आभासी पोर्टचा ड्रायव्हर मोफत देतात. आधी तोच वापरून पाहावा.

वेगळे सॉफ्टवेअर घ्यायचेच झाले तर ते 'आरएफसी २२१७' पाळते का, हे विचारावे. ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत प्रोग्रॅमने मागितलेली गती, पॅरिटी वगैरे पलीकडच्या पेटीपर्यंत पोहोचते. साध्या टीसीपी जोडणीत फक्त अक्षरे जातात; गती पेटीवर हाताने लावावी लागते. काटा ९६०० वर आणि पेटी २४०० वर असेल तर पडद्यावर कचरा दिसेल. शिवाय साध्या जोडणीत माहिती उघडीच जाते, तेव्हा ही पेटी इंटरनेटवर मोकळी ठेवू नये.

आता मुख्य परीक्षा. चाचणी प्रत घ्यावी, काट्यावर वजन ठेवावे आणि नेटवर्कची तार काढावी. पडद्यावर 'जोडणी तुटली' असे आले तर ठीक. जुनाच आकडा तसाच राहिला तर ती व्यवस्था नाकारावी, मग ती कितीही स्वस्त असो. कारण पुढच्या ट्रकची पावती मागच्या ट्रकच्या वजनाने निघेल, आणि गिऱ्हाइकाला ते कळणारही नाही. माप कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक ताकीद आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. हेतू नसला तरी घाटा गिऱ्हाइकाचाच. दोष पुष्कळदा पावतीच्या प्रोग्रॅमचा असतो. ताजे वजन न आल्यास पावती छापू नये, अशी दुरुस्ती त्याच्या कारागिराकडून करवून घ्यावी.

नंतर तार पुन्हा लावून जोडणी आपोआप येते का आणि वीज जाऊन आल्यावर पोर्टचा क्रमांक तोच राहतो का, हेही पाहावे.

जोडणीच्या नावाखाली काट्याचे सील मात्र कोणालाही तोडू देऊ नये. वैधमापन कायदा, २००९ नुसार पडताळणीचा तो शिक्का आहे. मागच्या पोर्टला तार लावण्यासाठी तो तोडण्याची गरजच पडत नाही.