अक्विल्ला, प्रिस्किल्ला आणि युरोपातील निर्वासित

पाठ : प्रेषितांची कृत्ये 18.1-3, अनुवाद 24.14-15

क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला करिंथास आली. आजच्या भाषेत ती दोघे निर्वासितच. पण लूक त्यांच्या दुःखाचे वर्णन करीत बसत नाही. तो त्यांचा धंदा सांगतो. ती तंबू करणारी होती, व पौलही त्याच धंद्याचा, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. त्यांना कोणी प्रमाणपत्र विचारल्याचे आपल्या वाचनात येत नाही!

आज हे इतके सोपे नाही. 2015 व 2016 या दोन वर्षांत जर्मनीत आश्रयासाठी बारा लाखांहून अधिक अर्ज झाले. पुष्कळ लोक सीरिया, अफगाणिस्तान व इराकमधले. कित्येकांच्या हाती कसब होते. पण त्या देशात वीजकामासारख्या धंद्यातही सुमारे तीन वर्षे उमेदवारी करून परीक्षा देण्याची रीत आहे, आणि घरादाराबरोबर अनेकांचे कागदही गेलेले. शिवाय भाषा नवी. सरकारी वर्गात भाषेचे साधारणपणे 600 तास व देशाचे कायदे, इतिहास यांचे 100 तास असतात. अर्जाचा निकाल लागेपर्यंतचे रिकामे दिवस तर धडधाकट माणसालाही खचवितात.

तरीही 2015 साली आलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक 2024 मध्ये नोकरीत होते. देशाचे एकंदर प्रमाण सुमारे 70 टक्के. मात्र हा आकडा उघडून पाहिला पाहिजे. पुरुषांत तो सुमारे 76, स्त्रियांत 35. पदरी लहान मुले, त्यांना सांभाळणारे कोणी नाही, मग भाषेच्या वर्गाला आई जाणार कशी? येथे प्रिस्किल्लेकडे लक्ष द्यावे. लूक धंदा एकट्या अक्विल्लाचा सांगत नाही, दोघांचा सांगतो.

मार्च 2022 मध्ये युक्रेनहून आलेल्यांना युरोपीय संघाने तात्पुरते संरक्षण दिले व काम करण्याचा हक्कही त्याबरोबरच दिला. हे योग्यच झाले. पण सीरियाच्या माणसाला थांबविणारे दार इतक्या लवकर उघडता येते, हेही त्यावरून दिसले. मोशेच्या नियमशास्त्रात उपरी मजूर काम करतो हे गृहीतच धरले आहे. ताकीद आहे ती धन्याला, मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची.

चर्चेसाठी : (1) मजुरी त्याच दिवशी देण्याचे कोणते कारण अनुवाद 24.15 मध्ये दिले आहे? (2) करिंथात अक्विल्लाचे घर नसते, तर पौलाच्या तेथील कार्याचे काय झाले असते?