उद्योजकाची अखंड विद्यार्थिदशा

गोदावरीच्या काठी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीच्या मंदिरात दूरदूरच्या गावांहून आईबाप आपल्या मुलांना घेऊन येतात. मुलाचा इवलासा हात आपल्या हातात धरून त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतात. मुधोळ परिसरातील लोकांना हे दृश्य नित्य परिचयाचे आहे. या विधीला अक्षरारंभ म्हणतात, अक्षरसमाप्ती म्हणत नाहीत, ही गोष्ट मात्र आपण बहुधा विसरतो. शाळा सुटली, धंदा सुरू झाला की शिकणे संपले, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. त्याची किंमत सर्वांत आधी मोजावी लागते ती लहान उद्योजकाला.

खेडोपाडी एक चित्र नेहमी दिसते. कर्ज काढून यंत्र आणले जाते, नारळ फुटतो, पहिले वर्ष बरे जाते. मग एखादा भाग झिजतो, बाजाराची मागणी बदलते किंवा हिशेबात चूक होते. यंत्र उघडून पाहण्याचे शिक्षण मालकाने घेतलेले नसते आणि विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. अखेर यंत्र गंजत पडते, कर्ज मात्र वाढत जाते. अशा अपयशाचे खापर आपण नशिबावर किंवा भांडवलाच्या अभावावर फोडतो. भांडवल हवेच, यात शंका नाही. परंतु शिकण्याची सवय हेही भांडवलच आहे आणि ते कोणत्याही बँकेत मिळत नाही.

रंग हुकले, रेषा सापडल्या

याचा उत्तम दाखला मराठी मुलखातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे असे आढळून आले की, काही रंगांतील भेद त्यांना नीट ओळखता येत नाही. चित्रकलेचा मार्ग तेथेच खुंटला. दुसरा कोणी निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटनाकडे लक्ष वळविले, कारण तेथे रंगांची गरज नव्हती. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. कागदावरचे यंत्र समजून घ्यावयाचे तर प्रत्यक्ष यंत्र हाताळले पाहिजे, हे ओळखून ते कर्मशाळेत रमले आणि परदेशी यांत्रिक मासिके वाचू लागले. शिक्षक झाल्यावरही त्यांनी विद्यार्थिपण सोडले नाही.

१८८८ मध्ये त्यांनी वडीलबंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू. तेव्हा ती विकावयाची तर चालविण्यासही शिकविले पाहिजे. म्हणून या बंधूंनी १५ रुपये शुल्क घेऊन सायकल शिकविण्याची सोय केली. ग्राहकाला शिकविणे हाही विक्रीचाच भाग आहे, हा धडा त्यांना येथे मिळाला. पुढे तो फार मोलाचा ठरला.

नांगर आणि शेतकऱ्याची शंका

मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले आणि शेतकऱ्याला उपयोगी अशी अवजारे करू लागले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती खोल उलथून टाकतो, त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाची मुळे वर येतात. फायदा उघड होता, परंतु गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगराची विक्री सुरू होण्यास सुमारे दोन वर्षे जावी लागली.

या दोन वर्षांत शेतकऱ्याला अडाणी ठरवून गप्प बसणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी मात्र त्याची शंका ही आपल्या पुढील अभ्यासाचा विषय मानली. अवजार शेतात कसे वागते, याची खरी परीक्षा कारखान्यात होत नसून काळ्या मातीत होते आणि तेथील परीक्षक शेतकरीच असतो. नेतृत्वाची कसोटी नेमकी येथे लागते. मला सर्व कळते, असे म्हणणाऱ्या मालकाला त्याचे कामगार चूक सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक न सांगताच निघून जाते.

कारखान्याचा जम बसत असतानाच बेळगाव शहराच्या वाढीसाठी त्यांना जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन देऊन साहाय्य केले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिची जबाबदारी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी सांभाळली. मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक बनले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. नांगरापासून पंप आणि तेल इंजिनापर्यंतची वाटचाल या शिकत राहण्याच्या परंपरेमुळेच शक्य झाली.

डेन्मार्कचा शेतकरी

ही गोष्ट एका माणसापुरती नाही. अमेरिकेचे स्वस्त धान्य १८७० नंतर युरोपच्या बाजारात येऊ लागले, तेव्हा डेन्मार्कचा शेतकरी अडचणीत आला. त्याने धान्याऐवजी दुधावर भर दिला. १८८२ मध्ये तेथे पहिली सहकारी लोणीशाळा निघाली आणि पाहता पाहता अशा संस्था देशभर पसरल्या. १८४४ पासून तेथे प्रौढ ग्रामीण तरुणांसाठी लोकशाळा चालत आल्या होत्या. परीक्षा व पदवी यांच्या मागे न लागता एकत्र शिकण्याची सवय त्यांनी लावली होती. तीच सवय संकटकाळी कामी आली.

मुधोळसाठी धडा

मुधोळचा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्यात गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. सीमा बदलल्या तरी घरातली मराठी बदलली नाही. येथील उद्योजकाला मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांत व्यवहार करावा लागतो. भैंशाचा कापूस, धर्माबादची मिरची, निजामाबादची हळद असे बाजार त्याच्या आवाक्यात आहेत. सीमेवर राहणे ही अडचण नसून दोन्हीकडून शिकण्याची संधी आहे, असे त्याने मानले पाहिजे. त्यासाठी पुढील सवयी उपयोगी पडतील :

१. रोज अर्धा तास आपल्या धंद्याविषयी काही वाचावे. स्वतःस वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावे.

२. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते उघडून जोडण्यास शिकावे.

३. तक्रारीची वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा कामगारांसह ती वाचावी.

४. वर्षातून एकदा दुसऱ्याचा कारखाना किंवा बाजार पाहून यावे. तेथे बोलणे कमी व विचारणे अधिक असावे.

५. जे शिकलो ते दुसऱ्याला शिकवावे. शिकविताना आपलेच कच्चे दुवे उघडे पडतात.

गावचे शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांनी या कामी पुढाकार घ्यावा. शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी करून दिली, तरी पुष्कळ साधेल.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी

(अ) आपल्या गावात बंद पडलेला एखादा उद्योग कोणत्या माहितीच्या अभावी बंद पडला? (आ) शेतकऱ्याची शंका चुकीची असली तरी ती ऐकून घेणे उद्योजकाच्या हिताचे का ठरते? (इ) गेल्या वर्षभरात आपण आपल्या कामात कोणती नवी गोष्ट शिकलो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना अडखळल्यास लाज वाटण्याचे कारण नाही. बासरला ज्या विश्वासाने मुलाचा हात धरून आपण पहिले अक्षर गिरवून घेतो, त्याच विश्वासाने स्वतःचा हात पुन्हा पाटीकडे न्यावा, एवढेच.